पट्टीवर राहिलेला आवाज

मारेगाव,
२ डिसेंबर २००७

चि. संघर्ष,

सप्रेम जयभीम.

इकडे वेचणी चालू आहे. बोंडं लहान आहेत, मजूर मिळत नाहीत, म्हणून मी आणि उकंडा काकाच वेचतो. तुझ्या आईचा खोकला कमी आहे. तुझ्या स्टुडिओचं काम बरं चाललं असेल.

तू आपल्या गाण्याच्या कार्यक्रमात आवाज घुमवणाऱ्या इको मशीनचं विचारलंस. फोनवर मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

राजूरच्या कार्यक्रमात तुझ्या बहिणीचं, रुपालीचं शेवटचं गीत झालं आणि लोक उठायला लागले. ती माइकजवळ तोंड नेऊन काहीतरी बोलली. गलक्यात मला ऐकू आलं नाही. मी सवयीनं मशीन बंद केली. परतताना तो कापसाचा ट्रक आडवा आला आणि रुपाली गेली. पुढचं तुला माहीत आहे.

लहानपणी तू या मशीनशी खेळायचास. माइकात "ओ" म्हणून बटण बंद करायचास. पुन्हा चालू केलं की तुझा "ओ" एकदा ऐकू यायचा. दुसऱ्यांदा नाही, कारण आतली टेपची पट्टी फिरता फिरता जुना आवाज पुसून टाकते. तसंच रुपालीचं ते बोलणं पट्टीवर राहिलं होतं. कुणी चुकून चालू करू नये म्हणून मी प्लग काढून ठेवला होता.

तू म्हणालास, वायर लावून कॉम्प्युटरात घेतो, मग हजारदा ऐकता येईल. मला थोडी भीती वाटली. नागपूरला तू तिचं गीत कॉम्प्युटरवर दुरुस्त केलंस, तेव्हा ती म्हणाली होती, "दादा, हा माहा आवाज नोहे." तू म्हणालास, "मंग गात राह्य त्या इकोच्या भंगारात." नंतर तुमचं बोलणं झालं नाही. हे तुला टोचून लिहीत नाही. तीही हट्टी होती.

काल शेतातून आलो तर लाइट आलेली होती. तुझी आई मशीनजवळ बसली होती. अ‍ॅम्प्लिफायरला हात लावला, कोमट लागला.

"चालू केलती?"

"हो."

"काहून? पोरगा येऊन राह्यला होता ना?"

"महिन्यापासून येऊनच राह्यला तो."

"काय म्हणे ती?"

"तुमाले नाही सांगत. त्याच्यासाठी होतं. त्यालेच सांगीन."



पट्टी आता कोरी आहे. कॉम्प्युटर आणू नकोस, वायरही नको. ते बोलणं आता फक्त तुझ्या आईजवळ आहे. आणि तिचा खोकला कमी आहे असं वर लिहिलं, ते खरं नाही.

लवकर ये.

तुझा,
बाबा