टेबलाखालची पायरी

प्रिय शिडी,

तुला या नावाने हाक मारणारं तिकडे कुणी आहे की नाही, कोण जाणे. वरच्या फळीवरचे डबे काढायला तुला कधी स्टूल लागलं नाही, म्हणून लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात हिने तुझं नाव शिडी ठेवलं आणि तूही लगेच हिला ठेंगूआई म्हणून परतफेड केलीस. सासू-सुना एकमेकींना अशी नावं ठेवतात आणि वर हसतात, हे बघून आमचे चिरंजीव पार गोंधळले होते. तुम्ही दोघं वेगळे झालात त्याला आता काही वर्षं झाली, पण या घरात तू अजून शिडीच आहेस. गेला महिनाभर तर तुझं नाव रोज निघत होतं, कारण तुझ्या टेबलाचे पाय कापायचे की नाही यावरून आमच्याकडे रणकंदन माजलं होतं. एका बाजूला मी आणि चिरंजीव, दुसऱ्या बाजूला ही एकटी. अशा वेळी कोण जिंकतं ते तुला मी सांगायला नको.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण माझं फोनवरचं बोलणं तुला माहीत आहे. हं, बरं, ठीक, ठेवतो. आयुष्यभर तोंडात टाचण्या धरून लोकांची मापं घेतली, त्यामुळे बोलायचं काम गिऱ्हाइकाने करायचं आणि मी मान हलवायची, ही सवय पडली ती पडलीच. लिहायला बसलं की जरा सुचतं. अक्षर मोठं आलंय, डोळ्यांमुळे. गवगवा करू नकोस, तपासून घेतले आहेत.

डोळ्यांवरून आठवलं. सुई ओवता येईना म्हणून मी दुकान बंद केलं, तेव्हा घरात कसा वागत होतो ते तू पाहिलं आहेस. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कॉलरींकडे बघून नाक मुरडायचं, पडद्यांच्या शिवणी उसवून पुन्हा घालायला लावायच्या, हाच उद्योग. एक दिवस हिने जाहीर केलं की या माणसाला काहीतरी काम द्या, नाहीतर मला दुसरं घर बघून द्या. तेव्हा तू रद्दीच्या दुकानातून ती जुनी मासिकं उचलून आणलीस. प्रत्येक अंकाच्या शेवटी घरच्या घरी करता येईल अशा एका लाकडी वस्तूचा आराखडा. स्टूल, शेल्फ, टेबल, पाळणा. फळ्या सुट्या सुट्या काढलेल्या, प्रत्येकीला अक्षर दिलेलं, बाजूला लांबी-रुंदी. मला ते बघून हसूच फुटलं. अगं, हे तर शर्टाचं कटिंग! पाठ, पुढा, बाही, कॉलर, तसंच सगळं. करवत हातात धरण्याआधीच मी मनातल्या मनात सुतार होऊन बसलो. बारीक आकडे तू वाचायचीस, मी फळीवर शिंप्याच्या खडूने रेघ ओढायचो, आणि खिळे मात्र जुन्या सवयीने तोंडात धरायचो. ते बघून ही माझ्या तोंडापुढे वाटी धरायची, खिळे त्यात काढून ठेवायला.

पहिलं शेल्फ आठवतं का? खिडकीशेजारच्या कोनाड्यात बसवायचं होतं. मापं तू बरोबर वाचलीस, मी बरोबर आखली, आणि कापताना हाताने आपली वर्षानुवर्षांची सवय दाखवली. प्रत्येक फळीला दोन्ही टोकांना अर्धा अर्धा इंच माया सोडली. शिवणीत जाईल म्हणून! लाकडाला शिवण नसते, हे सगळं ठोकून झाल्यावर लक्षात आलं. आपण ते शेल्फ ढकललं, तिरकं केलं, तू एका बाजूने खांदा लावलास, पण ते काही आत शिरेना. दारातच अवघडलेल्या पाहुण्यासारखं कोनाड्यापुढे उभं राहिलं. ही हसता हसता खाली बसली, तुझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी मात्र कपड्यासारखं ते उसवता येईल का याचा विचार करत होतो. दुकानात असं झालं असतं तर गिऱ्हाईक पुन्हा फिरकलं नसतं. तुम्ही दोघींनी त्याच दिवशी त्यावर बरण्या मांडल्या. अजून ते तिथेच आहे, कोनाड्याच्या पुढ्यात, आणि मागे पडलेला चमचा आजतागायत कुणाला काढता आलेला नाही.

मग आलं टेबल. तू दिवसभर दातांच्या दवाखान्यात लोकांच्या तोंडावर वाकून उभी राहायचीस, आणि घरी आलीस की आमच्या जुन्या टेबलावर वाकून भाजी चिरायचीस. ते हिच्या मापाचं, म्हणजे तुझ्या मांडीच्या जरा वर. तू कधी कुरकुर केली नाहीस, पण कमरेवर हात ठेवून सरळ होताना तुझ्या तोंडून जो बारीक आवाज यायचा तो मी ऐकत होतो. कुणाला काय आखूड पडतंय, तेवढं तरी शिंप्याला कळायला हवं. मासिकात स्वयंपाकघरातल्या टेबलाचा आराखडा होता, पण तो तयार कपड्यासारखा, सगळ्यांना होणारा आणि कुणालाच धड न बसणारा. मी माझी टेप काढली, तुला भिंतीशी उभं केलं, खांदे सैल सोडायला लावले, हात कोपरात वाकवायला लावला आणि कोपरापासून जमिनीपर्यंत रीतसर माप घेतलं. आराखड्यापेक्षा पाय चांगले चार इंच वाढले. हिने दारातून विचारलं, सुनेला टेबल शिवताय का? मी तोंडातले खिळे सांभाळत मान हलवली.

जुनं टेबल मोडीत काढून त्याच्या जागी नवं उभं राहिलं आणि तू त्याच्यापाशी पहिल्यांदा ताठ उभी राहून पीठ मळलंस. मी इतका खूश झालो की दुसऱ्या माणसाचं माप घ्यायचं राहिलं हे माझ्या ध्यानातच आलं नाही. ही शेजारी येऊन उभी राहिली तर टेबल हिच्या छातीला लागलं, हनुवटी टेकवायची तेवढी बाकी होती. एक शब्द बोलली नाही. भाजीचं ताट उचललं आणि बाहेर जाऊन बसली. हिच्या त्या न बोलण्याचा अर्थ कळायला मला काही वर्षं लागली होती, तुला एक संध्याकाळ पुरली. दुसऱ्या दिवशी तू आराखडा पुन्हा उघडलास आणि टेबलाच्या खालच्या पट्टीपाशी पेन्सिलीने एक चौकोन काढलास. खणासारखी बाहेर ओढायची पायरी. हवी तेव्हा ओढा, नको तेव्हा पायाने आत ढकला. मासिकात असलं काही नव्हतं, ती कल्पना सर्वस्वी तुझी. ही त्या पायरीवर चढली की तुमचे खांदे एका रेषेत यायचे. मी मागे बसून पॉलिश पेपरने काहीबाही घासत असायचो आणि तुमच्या पाठी बघायचो. कोटाचे खांदे जुळवण्यात जन्म गेला माझा, पण असे जुळलेले खांदे मी पाहिले नव्हते. तुम्ही काय बोलायचात ते मात्र त्या घासण्याच्या आवाजात कधी ऐकू आलं नाही.

पुढे तुमचं दोघांचं बिनसलं. कुणाचं चुकलं ते मी तेव्हा विचारलं नाही, आताही विचारणार नाही. दोन्ही कापडं चांगली होती. पण एक धुतल्यावर आटणारं आणि दुसरं न आटणारं असेल, तर शिवण कितीही नीट घातली तरी चुण्या पडतात. त्यात कापडाला बोल लावून उपयोग नसतो. तू जाताना तुझे कपडे, पुस्तकं आणि सायकल नेलीस. टेबलाचं विचारलं तर म्हणालीस, ते ठेंगूआईचं. ही म्हणाली, ते शिडीचं. त्यामुळे ते जिथल्या तिथे राहिलं आणि ही रोज सकाळी पायरी ओढून त्यावर चढत राहिली. मी हिला तेव्हाच म्हटलं होतं की पाय कापून तुझ्या उंचीचे करून देतो. तर म्हणे, ती आली म्हणजे वाकून काम करेल का? तू येत राहिलीसही, आधी वरचेवर, मग कामाच्या गडबडीत कधीमधी. आलीस की न सांगता टेबलापाशी उभी राहायचीस आणि ही तुझ्यासाठी अर्धी जागा मोकळी करायची.

गेल्या महिन्यात पायरीवरून उतरताना हिचा गुडघा लचकला. टेबलाची कड धरली म्हणून पडली नाही. घाबरू नकोस, आता बरी आहे, थोडी लंगडते आणि त्याची भरपाई म्हणून दुप्पट बोलते. चिरंजीव तातडीने आले. आईचा गुडघा बघितला, पायरी बघितली आणि म्हणाले, बाबा, आता पुरे, पाय कापून टाका. त्याचं म्हणणं रास्त होतं. सांगताना तो खिडकीबाहेर बघत होता, एवढंच. मी चारही पायांवर खडूने रेघा मारल्या आणि करवत आणायला गेलो. परत येऊन बघतो तर ही टेबलावर! लचकलेल्या गुडघ्यानिशी पायरीवरून वर चढलेली, पाय खाली लोंबकळत सोडलेले आणि खुशाल वाटाणे सोलतेय. म्हणाली, कापा आता. मी चिरंजीवांना म्हटलं, आईला उचलून खाली ठेव. ते म्हणाले, तुम्हीच ठेवा. दोघांच्याही अंगावर एकेक शेंग आली. दुपारचा चहा तिने तिथेच बसून घेतला. शेवटी मी करवत खोक्यात टाकली आणि खरं सांगायचं तर माझा जीव भांड्यात पडला. त्यानंतर रोज टेबल लखलखीत पुसायची, पण पायांवरच्या खडूच्या रेघांना हात लावायची नाही. त्या मला खिजवायला ठेवल्या होत्या.

आणि परवा तुझा फोन आला. मी शेजारीच बसलो होतो. हिने सगळं ऐकून घेतलं, तो काय करतो विचारलं, स्वयंपाक येतो का विचारलं, मोठ्याने हसली, फोन ठेवला आणि डोळे पुसले. मग मला म्हणाली, शिडी लग्न करतेय. बाबांना तुम्हीच सांगा, मला धीर होत नाही, असं तू म्हणालीस म्हणे. वेडी आहेस. मला वाईट वाटलं का? वाटलं. तू आता या घरची सून नाहीस हे इतकी वर्षं माहीत होतं, तरी परवा ते नव्याने कळलं. मी गॅलरीत जाऊन उगाच एका फळीवर रंधा मारत बसलो आणि चांगली फळी वाया घालवली. ही येऊन शेजारी बसली आणि सांगत राहिली, तो भाजी तुझ्याहून बारीक चिरतो, तुझ्या विनोदांना हसतो, तुझी पाठ दुखली की तुला बसायला लावून स्वतः उभा राहतो. पाठीचं ऐकलं आणि मी रंधा खाली ठेवला. खूप बरं वाटलं, शिडी. हे मी फोनवर कधीच बोललो नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिने पायरी आत ढकलली, ओलं फडकं घेतलं आणि चारही पायांवरच्या खडूच्या रेघा पुसून टाकल्या. म्हणाली, हे तिच्याकडे पाठवा, तिच्या मापाचं आहे, मला माझ्या मापाचं नवीन करा, बसून काम करता येईल असं. इतका सोपा तोडगा महिनाभर आम्हा दोघा पुरुषांना सुचला नव्हता. मी तोच जुना आराखडा काढला. घड्यांवर फाटलाय, पण तुझा पेन्सिलीचा चौकोन दिसतो. वखारीतून लाकूडही आणलं. हिचं माप घेतलं तर ही पूर्वीपेक्षा अर्धा इंच ठेंगणी झाली आहे. हे तिला कळू देऊ नकोस.

आता जे विचारायला बसलो ते विचारतो. आधीच्या घरचं सामान नव्या घरात नको, असं तुला किंवा त्याला वाटत असेल तर मोकळेपणाने नाही म्हण, मी रागावणार नाही. हवं असेल तर त्याचं माप पाठव. चपला काढून, हात कोपरात वाकवून, कोपरापासून जमिनीपर्यंत. पुरुष माप देताना टाचा उचलतात, तिकडे लक्ष ठेव. तो तुझ्याहून उंच निघाला तर पायांखाली ठोकळे देईन. पण तू हिला सांगितलंस की तो तुझ्याएवढाच आहे, म्हणजे त्या घरात पायरीवर चढायची गरज पडेल असं कुणी नाही. म्हणून ही म्हणते, पाठवण्याआधी पायरी काढून टाका, तिथे कोण चढणार आहे तिच्यावर. म्हणते खरी, पण मी काढायला गेलो तर स्क्रूड्रायव्हर जागेवर नाही. घर पालथं घातलं तरी सापडत नाही, आणि हिला विचारलं की ही भलतंच काहीतरी बोलायला लागते. गुडघा सुधारतोय, डॉक्टर म्हणतात प्रवासाला हरकत नाही. मी हिला म्हटलं, आपण आपल्या मनाने काही ठरवायचं नाही, शिडीलाच विचारू. तेव्हा पायरी काढू की राहू देऊ, तेवढं कळव. राहू द्या म्हणालीस, तर बाजूला हिला धरायला एक दांडी बसवून पाठवतो.

तुझाच,
बाबा