धुतलेली अंडी

अड्याळ, ता. पवनी
मंगळवार, २३ जानेवारी २०२४

अश्वजित,

जयभीम.

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. ते राहून गेलेलं नाही, मुद्दाम गाळलं आहे.

इकडे सगळे ठीक. धान चुरून झालं. सूनबाई सरिता बरी आहे. माझे गुडघे माझ्या वयाला शोभतील असे आहेत. फोनवर तू दर दोन वाक्यांनी 'ताई, ऐकून तर घे' म्हणतोस आणि मी ओरडते, म्हणून कागद घेतला. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही.

अंडी तपासल्याचा तुझा अहवाल शाळेत पोचला. श्यामराव गुरुजींनी तो शाळा समितीपुढे मोठ्याने वाचला. कोंबड्या निरोगी, खाद्य चांगलं, पण अंड्यांच्या आत जंतू. कारण: 'अस्वच्छ हाताळणी'. दोनच शब्द! मी तासतास भाषणं करते रे, पण इतक्या थोडक्यात अंडी पुरवणाऱ्या आमच्या गटातल्या सगळ्या बायांची मान खाली घालणं मला कधी जमलं नाही.

समितीचा अध्यक्ष घनश्याम मांडीवर थाप मारून म्हणाला, "म्या त पयलेच म्हनलो होतो गुरुजी, यायच्या घरचे अंडे पोरायले चारू नोका. आता त साहेबानंच लिवून देल्लं. आन् साहेब बी यायच्यातलाच!"

लोक हसले. त्याच दिवशी अंडी बंद झाली.

बंद काय झालं, ते तुला कळलं आहे का? दर बुधवारी खिचडीबरोबर गावातल्या प्रत्येक पोराच्या ताटात आपल्या वस्तीतलं अंडं पडत होतं. घनश्यामच्या नातवाच्याही. तो पिंटू दुसरं मागून घ्यायचा. कोणाच्या घरचं, असं एकही पोर विचारत नव्हतं. मी याला चळवळ म्हणते. तू याला नमुना म्हणतोस.

आणि तो नमुना तुझ्याकडे पाठवला कोणी? मी. मागच्या महिन्यात उकडलेली अंडी सोलताना वास सुटला, चार पोरं ओकली, तेव्हा उरलेली कच्ची अंडी मीच टोपलीत घालून नागपूरला तुझ्या प्रयोगशाळेत धाडली. म्हटलं, आपला अश्वजित आहे. गावठी कोंबडीच्या मांसावर प्रबंध लिहून डॉक्टर झालेला. त्या प्रबंधातल्या निम्म्या कोंबड्या आपल्याच अंगणातल्या होत्या, विसरला नसशील.

फोनवर तू मला वेगळंच सांगितलंस. म्हणालास, अंड्यावर निसर्गाचा एक पातळ लेप असतो, धुतला की जातो. कवचाला बारीक छिद्रं असतात. कोंबडीखालचं ऊबदार अंडं थंड पाण्यात टाकलं की आतला ऐवज आकसतो आणि अंडं बाहेरचं पाणी आत ओढून घेतं, घाणीसकट. मी फोन आपटला. मग तुझं जुनं जाडजूड पुस्तक कपाटातून काढलं आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचलं. तुला खोटं पाडायला वाचलं. तू खरा निघालास, याचा राग वेगळा.

रविवारी विहारात बायांना बोलावलं. बादलीत तळ्याचं थंड पाणी घेतलं, नीळ कालवली, ताजी कोमट अंडी बुडवून ठेवली. मग फोडली. कवचाच्या आतल्या अंगाला निळे ठिपके. मग रत्नमाला म्हणाली, "ताई, तुमच्या भाषनापरीस हे बरं समजलं." सगळ्या हसल्या, मीही. पण ती तिथेच थांबली नाही. "आमी त पोरायच्या तोंडापरीस घासून घासून धुतले अंडे. मंग तुमच्या भावानं आमाले घान काहून म्हनलं? आन् धुवाले आमाले सांगतलं कोनं?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

हो. मी सांगितलं होतं. आपल्या वस्तीतलं अंडं चकाकलं पाहिजे, एकही डाग दिसता कामा नये, बोट ठेवायला जागा देऊ नका, असं मीच ठणकावून सांगितलं होतं. काहून, ते आता ऐक. तू तेव्हा मायच्या पाठीवर बांधलेला असायचास. माय टोपली घेऊन अंडी विकायला जायची. घेणाऱ्या घरची बाई म्हणायची, "खाली ठेव." मग ओट्यावरून लोटाभर पाणी त्या अंड्यांवर ओतायची आणि तेव्हाच उचलून घ्यायची. पाणी मायच्या पायांवर उडायचं. तुझ्याही. मी बाजूला उभी असायचे. तेव्हाच ठरवलं होतं, आपल्या अंड्यावर पुन्हा दुसऱ्या कोणाला पाणी ओतू द्यायचं नाही. म्हणून आमचं आम्हीच ओतलं.

हे अहवालात लिही, असं मी म्हणत नाही. पण 'तळ्याच्या थंड पाण्यात धुतल्यामुळे' एवढं लिहायला काय जड होतं? तू म्हणालास, "ताई, तसंच लिहायची पद्धत आहे. आणि जास्त लिहिलं तर बहिणीची बाजू घेतली म्हणतील." म्हणजे तुला सगळं ठाऊक होतं. तुझ्या कोटावर डाग नको म्हणून तू तो आमच्या हातांवर ठेवलास. घनश्यामला मी ओळखते, त्याच्याशी भांडण सोपं आहे. तुझ्याशी कसं भांडायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

आता पुढचं. आम्ही खुराड्यांत धानाची कोरडी तणस घातली आहे. अंडी दिवसातून तीनदा गोळा करतो. डागाचं अंडं घरी खातो, स्वच्छ तेवढंच निवडतो, पाणी लावत नाही. येत्या शनिवारी सकाळी शाळेत समितीची बैठक आहे. मी न धुतलेली अंडी घेऊन जाणार आणि धुवायला मीच लावलं होतं हे उभी राहून सांगणार. मला भीती वाटते. हे वाक्य मी आजवर कोणत्याही व्यासपीठावरून बोललेलं नाही. घनश्याम म्हणेल, आता तर धुतही नाहीत. त्याला माझ्या बोलण्याने उत्तर मिळणार नाही. ते ज्याने तपासलं त्यानेच द्यायचं आहे, दुरुस्त केलेला अहवाल हातात घेऊन, गावासमोर, आपल्या तोंडाने. टपालाने पाठवू नको. फोनवर गुरुजींना सांगून मोकळा होऊ नको.

बैठक दहा वाजता. नागपूरहून पहाटेची गाडी आहे.

आलास तर
तुझी ताई.

नाही आलास तर
वच्छला, अध्यक्ष, सुजाता महिला गट, अड्याळ.