भिशीचा पैसा कोणापाशी

रिसोड

तीर्थरूप नानाजीदादांना धाकट्या रंगरावचा नमस्कार.

मी बरा आहे. गोदामाची राखण बसूनच करायची असते. वहिनींचे गुडघे कसे आहेत?

इथले हमालही साठीचेच. शेठ म्हणतो, "जवान पोट्टे पुण्याले गेले, आता तुमीच आमचे पोट्टे."

दादा, भिशीत पहिला नंबर माझा निघाला होता. तुमच्या हर्षलच्या शिक्षणासाठी तुम्ही मागितला, मी दिला. पैसे उचलल्यावर तुम्ही हप्ता बंद केला, तुमचं पाहून बाकीच्यांनीही केला. पूर्वीच्या भिश्यांत एक गळला की एखादं नवं पोरगं यायचं. आता गावात आपण म्हातारेच उरलो, म्हणून भिशी बुडाली. इतकं मी सोसलं.

पण काल आपल्या भिशीतल्या मनकर्णाबाईंचा फोन आला. "भाऊजी, मोटर जळली, वांगे सुकून राह्यले. माहा नंबर कधी लागन? नानाजीभाऊ म्हणे, सारा पैसा तुमच्यापाशी हाय."

तुमचं नाव तोंडातून निघालं नाही. रात्रभर झोप नाही.

रविवारी गावी इंझोरीला येतो. तोवर मनकर्णाबाईंच्या मळ्यात जाऊन खरं सांगून या. सांगितलं असेल तरच माझं ताट वाढायला लावा, नाहीतर एस.टी.तून उतरून मी आधी त्यांच्याच दारात जाईन.

तब्येतीला जपा.

तुमचा भाऊ,
रंगराव