काचेआडचा पैलवान

कऱ्हाटी, ता. बारामती
६ जानेवारी २०२६

चि. ऋषिराज यास आबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी बहीण संस्कृती म्हणती, आजकाल पत्रं कोण लिहितं! तिला म्हटलं, कुस्तीत कान गेल्यापासनं मला फोनात नुसती गुणगुण ऐकू येती. पोरानं लिहावं, बापानं वाचावं, ह्यात तुझं काय जातं?

तुझा पिक्चर बारामतीला लागला. गुप्तहेर चंद्रावर जातो म्हणं. पोस्टर बघून आलो. त्यात तू कुठंच न्हाईस. पण तूच लिहिलं हुतंस, हिरोचा जोडीदार गुप्तहेर मी, शेवटपर्यंत त्याच्यासंगं. पोस्टर करणाऱ्याला अक्कल न्हाय, दुसरं काय.

येत्या रविवारी सावळाराम तात्याचा टेम्पो सांगितलाय. तालमीतली पोरं, धोंडाआत्या आणि संस्कृतीचे इंदापूरचे हुणारे सासरे, धरून बावीस माणसं. पंचवीस तारखेच्या साखरपुड्याला तुला बघायला गर्दी हुणार, दाढी करून ये.

तब्येतीला जप. आमच्यावरचा जीव पातळ करू नको.

तुझे आबा


मुंबई
९ जानेवारी

ती. आबांच्या चरणी ऋषिराजचा सा. नमस्कार. वि. वि.

आबा, टेम्पो रद्द करा. थंडी फार आहे, धोंडाआत्याला दम्याचा त्रास आहे. तुम्हाला ऐकू येत नाही, मग एवढ्या लांब जाऊन काय करणार? टीव्हीवर आला की घरीच निवांत बघू. पाहुण्यांना तर मुळीच नेऊ नका. एवढं माझं ऐका.

घाईत लिहिलंय, राग मानू नका.

आपला ऋषिराज


कऱ्हाटी
१३ जानेवारी

चि. ऋषिराज यास आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी आलं. आमी रविवारीच जाऊन आलो.

पिक्चर बरा हाय. विमानं लई फुटली. हिरोनं चंद्रावर जाऊन चोरलेलं यंत्र परत आणलं. त्याचा जोडीदार हुता तो कुणी गोरा माणूस. बाहेर आल्यावर सावळाराम माझ्या कानाशी तोंड आणून वरडला, हिंदुराव, तुमचा पोरगा कुठं हुता? अख्ख्या थेटराला ऐकू गेलं. मी म्हटलं, तुकडा कापला असंल. पाहुणे तर चहा पण न घेता इंदापूरला गेले.

साखरपुड्याला ये.

हिंदुराव


मुंबई
१६ जानेवारी

ती. आबांस सा. नमस्कार.

तुम्ही खाली नुसतं 'हिंदुराव' लिहिलंत. ते पुन्हा पुन्हा वाचलं.

आबा, तुकडा कापला नाही. मी तुमच्याशी खोटं बोललो. मी जोडीदार-बिडीदार कोणी नाही. हिरोला जिथं लागण्यासारखं असतं तिथं त्याचे कपडे घालून मी उड्या मारतो. यानातून चंद्रावर उडी टाकणारा मीच. काचेचं शिरस्त्राण असल्यानं तोंड दिसत नाही. नंतर तो काच वर करतो, तेव्हा तोंड त्याचं.

आणखी एक. दोन वर्षांमागं मे महिन्यात मी परदेशात आहे असं लिहिलं होतं. मी इंदापूरला होतो. उजनीचं पाणी हटलं होतं, त्या भेगाळलेल्या गाळात चंद्र केला होता. घर दीड तासावर, आणि मी नऊ दिवसांत आलो नाही. तुम्ही गावाला सांगितलं होतं पोरगा नट झाला, मग कोणत्या तोंडानं येणार? एकदा एस.टी.त बसलोसुद्धा, आणि बारामतीच्या स्टँडवरून परत फिरलो.

साखरपुड्याला मी येत नाही. माझ्यापायी संस्कृतीचं लग्न मोडलं तर मला जन्मात माफी नाही. पाहुण्यांना सांगा, पोरगा आजारी आहे.

माया करण्याजोगा राहिलो नाही, तरी मागतो.

ऋषिराज


कऱ्हाटी
२० जानेवारी

चि. ऋषिराज यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

गाढवा, उजनीचा गाळ मला शिकवतोस व्हय?

मला ऐकू येत न्हाय, म्हणून मी पिक्चरमधी नुसती माणसं बघतो. तो यानातनं उतरला, वाकला, माती काचेवर कपाळाच्या जागी लावली आणि मग डाव्या गुडघ्याला लावली. तालमीतल्या मातीच्या हौद्यात उतरताना कपाळाला माती समदेच लावत्यात. गुडघ्याला लावणारा ह्या जगात एकच हाय. सातवीत तुझा गुडघा निखळला, तवा मीच ती सवय लावली, की बाबा, ह्याला पण सांभाळ म्हणून मातीला सांग. मी खुर्चीत ताठ झालो. हा माझा पोरगा, हे तोंडापत्तुर आलं हुतं.

आणि गिळलं. बावीस माणसांना मी नट दावायला नेलं हुतं, आणि तू दुसऱ्याच्या तोंडासाठी आपटत हुतास. मला लाज वाटली. सावळारामनं इचारलं तवा मी तुला वळखलं असून बी सांगितलं, तुकडा कापला. वर तुलाच खोचून पत्र लिहिलं. तू लांबनं खोटं बोललास. मी तुला पडद्यावर समोर बघून बी खोटं बोललो. त्या रविवारपासनं डोळ्याला डोळा न्हाय.

काल तालमीत पोरांपुढं, सावळारामपुढं समदं सांगितलं. मग सावळाराम म्हणाला, ती उडी बघून त्यानं पुढची खुर्ची धरली हुती. आज इंदापूरला जाऊन पाहुण्यांना बी सांगितलं. ते म्हणाले, चहा न घेता गेलो ते शेवटची एस.टी. चुकंल म्हणून, आणि नवरदेवाला तुझ्यासंगं फोटो काढायचाय. लग्न मोडायचं तुझ्या-माझ्याच डोक्यात हुतं.

तवा ये. तुझ्या तोंडावर काच हुती. माझं तोंड तर उघडं हुतं, बाळा.

जमलं तर माफ कर, आणि रविवारी सकाळच्या गाडीनं ये. बारामतीच्या स्टँडवर उभा हाय.

ऋषिराजचा बाप,
हिंदुराव