डोळ्यातली बाहुली

मिरज, ६ फेब्रुवारी २०२५

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या मागच्या पत्रातल्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या होत्या. शाळेत आम्ही असं लिहिलं असतं तर तुम्ही कान पिळला असता.

माझी ड्यूटी सध्या नेत्रविभागात आहे. डोळ्याच्या मधल्या काळ्या ठिपक्याला इंग्रजीत ‘प्युपिल’ का म्हणतात? तिथे विद्यार्थ्याचं काय काम? सर म्हणाले, परीक्षेत येत नाही. तुम्ही चाळीस वर्षं संस्कृत शिकवलंत, तुम्हीच सांगा.

वेळेवर जेवा. माया आहे तशीच असू द्या.

तुमची,
क्षिप्रा

कामोठे, १३ फेब्रुवारी

चि. क्षिप्रास,
अ. उ. आ.

लॅटिनमध्ये ‘प्युपिला’ म्हणजे छोटी मुलगी, बाहुली. विद्यार्थी या अर्थाचा ‘प्युपिल’ही त्याच घरातला; मूळ अर्थ पोरकं मूल. ग्रीकांची ‘कोरे’ म्हणजे मुलगी आणि हा ठिपकाही. आपल्या संस्कृतातली कनीनिका तशीच, लहान मुलगीही आणि हा ठिपकाही. तुझी आजी तर सरळ डोळ्यातली बाहुली म्हणायची. समोरच्याच्या डोळ्यात अगदी जवळून पाहिलं की आपण इवलेसे दिसतो, त्यावरून. या सगळ्यांनी एकमेकांना विचारलं नसावं. प्रत्येकाच्या घरी जवळ बसणारं कुणीतरी होतं, इतकंच.

आता ओरडू नकोस. मंगळवारी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. तुझे बाबा दुबईत, तुझी परीक्षा. म्हणून कळवलं नाही. शेजारीण मालतीबाई सोबत आल्या. फॉर्मवर नात्याच्या रकान्यात त्यांनी ‘खालचा मजला’ असं लिहिलं. दिवसातून सहा वेळा थेंब घालायचे असतात. निम्मे गालावर जातात. आरशात बाहुली शोधून पाहिली, पण आपणच आपल्या डोळ्यात बघण्यात राम नाही.

लोभ आहेच.

तुझा,
आजोबा

मिरज, १८ फेब्रुवारी

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

मी रोज चाळीस जणांचे डोळे तपासते, आणि तुमच्या डोळ्याचं मला पत्रानं कळावं? फार रागावलेय. शुक्रवारी परीक्षा संपते. शनिवारी येते, चार दिवस राहीन. थेंब मीच घालणार. तोवर आडवं होऊन घाला.

रागातही तुमचीच,
क्षिप्रा

कामोठे, २२ मार्च

चि. क्षिप्रास,
अ. उ. आ.

काल डॉक्टरांनी थेंब बंद केले. डोळा छान झालाय. समोरच्या इमारतीतले वाळत घातलेले कपडे मोजता येतात, आणि मी मोजतोही.

थेंब घालताना तू म्हणालीस, आजोबा, मी दिसतेय. मला तू तेव्हा धूसरच दिसत होतीस. पण तुझी आजी गेल्यापासून इतक्या जवळ कुणी आलं नव्हतं.

डॉक्टर म्हणतात, डावा डोळा पुढच्याच आठवड्यात करून टाकू. मालतीबाईही यायला तयार आहेत. मी मे महिना सांगितला. कारण विचारलं, तर म्हटलं, मला उन्हाळा मानवतो.

तुझी सुट्टी कधी लागते ते कळव. लोभ वाढेल तेवढा वाढू दे.

तुझा,
आजोबा