जेरारच्या पडद्यावर गवत नाही

६ जानेवारी

मोनिकने नाताळला माझ्या संगणकात नवं ग्राफिक्स कार्ड बसवून दिलं. लेकीने आईला बंदुकीच्या खेळासाठी द्यायची ही भेट! आज खेळून पाहिलं — काय ते गवत! पातं न् पातं वेगळं हलतं. कॉन्व्हेंटच्या मागे असंच होतं. जपमाळेची प्रार्थना चुकवून आम्ही मुली त्यात पालथ्या पडून राहायचो. आजही तशीच पडून राहिले, बंदूक छातीशी धरून. समोरच्या फळीत माझाच नवरा, जेरार. अगदी जवळून गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. शेजारच्या खोलीतून आवाज — "कुठे दडलीस गं, म्हातारे?"

त्याने स्वतःच्या पडद्यावर चित्राचा दर्जा अगदी कमीवर ठेवलाय. झाडं पुठ्ठ्याची, आभाळ सपाट. वर तो भडक फिल्टर — माणसं पिवळीजर्द. म्हटलं, "बघवतं तरी कसं तुला?"

"तू लढायला येतेस की हवा खायला?"

जिंकणारे सगळे असंच ठेवतात म्हणे.

९ जानेवारी

जेरारने डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ पुन्हा रद्द केली. "रस्त्यावर बर्फ आहे." विनिपेगात, जानेवारीत, बर्फ नसतो कधी! त्याची आई शेवटी आम्हाला आवाजावरून ओळखायची. त्याविषयी बोलायचं नाही.

१३ जानेवारी

जेरार बाहेर बर्फ उपसत होता, तेवढ्यात त्याच्या संगणकावर बसले. माझ्या लपायच्या जागी गेले तर — गवतच नाही! इतक्या कमी दर्जावर ते उगवतच नाही. नुसती मोकळी माती. म्हणजे मी इतके दिवस उघड्यावर पालथी पडून स्वतःला हुशार समजत होते.

वाटाण्याचं सूप वाढताना विचारलं, "मी दिसायचे ना तुला?"

"आख्खी."

"मग गोळी का नाही घातलीस?"

"मग सूप कोणी केलं असतं?"

भांडी घासताना एकटीच हसत होते. हा माणूस अजून मला असा सांभाळतो, आणि बोलत नाही.

१५ जानेवारी

आज त्याला माझ्या खुर्चीत बसवलं, मी त्याच्या. म्हटलं, एकदा तरी धुकं बघ, संध्याकाळचं ऊन बघ. आणि लपले नाही — थेट रस्त्यात त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"कुठे आहेस?"

"तुझ्यासमोर."

"ल्युसिल, थट्टा नको."

उठून त्याच्यामागे गेले. पडद्यावर मी मधोमध उभी होते. तो मान वाकडी करून डोळ्याच्या कडेने मला शोधत होता.

१६ जानेवारी

डॉक्टरला मीच फोन केला. जेरार आडवा आला नाही.

२० जानेवारी

डोळ्यात इंजेक्शनं देतील. उरलंय ते बहुधा टिकेल. गेलेलं येणार नाही.

गाडी मी चालवत होते. जेरार म्हणाला, "त्या मातीवर तू मला कधीच दिसली नाहीस. हलणारं तेवढं दिसायचं. पण तू इतक्या खुशीत विचारलंस, की 'आख्खी' म्हणून मोकळा झालो."