कोणत्या घराला हो म्हणू, आत्याबाई?

तीर्थरूप आत्याबाई,

तुमच्या सुनेचा वाकून नमस्कार. वाकणं आता नावालाच, गुडघे ऐकत नाहीत. तेवढं समजून घ्या.

तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही, मग हे पत्र कशाला, असं तुम्ही म्हणालच. माधुरी लिहून राहिली आहे, आज तिला ऑफिसला सुट्टी. प्रकाशची बायको, तुमची नातसून. तुम्ही गेल्यावर आली, म्हणून तुमच्या तावडीतून सुटली. वाचायला तुमच्या मालकांना, मामाजींना सांगा. हळूहळू वाचतील, पण वाचतील. तिकडे त्यांना दुसरं काम काय आहे?

उद्या मंगळवार. उद्या प्रकाश घराचा बयाना देणार आहे आणि कोणत्या घराचा, ते मी सांगायचं आहे. मला भीती वाटते, आत्याबाई. कशाची, ते समजेल असं माणूस तुमच्याशिवाय आठवलं नाही.

झालं असं की आमचं जबलपूरचं, चेरीतालचं भाड्याचं घर मालक पाडणार आहे. वीस-बावीस वर्षं राहिलो तिथे. प्रकाश म्हणतो, "आई, तू जन्मभर दुसऱ्यांच्या घरात राहिली. आधी फॅक्टरीचं क्वार्टर, मग हे. आता घेऊ ते तुझ्या पसंतीचं." तुमचा नातू मनाचा मोठा निघाला. कोणावर गेला कोणास ठाऊक, तुमच्या मुलावर तर नाही. ते होते तोवर त्यांनी मला साडीसुद्धा कधी पसंत करू दिली नाही.

तर काल रविवारी दोन घरं पाहिली. एक पाटण रोडला, शहराच्या पार बाहेर. नवी कॉलनी, मोठं गेट, गेटवर वर्दीतला भैया. आत पांढरी घरं, एकासारखं एक. तेच फाटक, तोच जिना, कुंडीसुद्धा तीच. दलाल सांगत होता, "अम्मा, यहाँ परिंदा भी बिना पूछे नहीं घुसता." मी विचारलं, "और निकलता कैसे है?" तो हसला. त्याला वाटलं म्हातारी गंमत करते.

मी घर पाहून बाहेर आले, चपला घातल्या, मागे वळून पाहिलं. आत्ता कोणत्या घरातून निघाले ते मला सांगता येईना. प्रकाश आत दलालाशी बोलत होता. मी तिथेच उभी राहिले, हललेच नाही, कोणी बाहेर येईस्तोवर.

दुसरं घर ग्वारीघाटाकडे. जुनं, एका रिटायर मास्तरांचं. काय सांगू तुम्हाला! पायऱ्या सरळ चढत नाहीत, अर्ध्यात वळतात. खिडक्या सगळ्या हिरव्या आणि एक निळी, कारण मास्तरांचा हिरवा रंग संपला होता म्हणे. ओट्याला लाल कोबा, त्यात कोण्या लेकराचं पाऊल उमटलेलं. फणसाचं झाड कंपाऊंडच्या भिंतीवर असं रेललेलं, जसे तुम्ही चहा घेताना दाराला रेलायच्या. त्या घराला चेहरा आहे. हजार घरांत ठेवलं तरी मी त्याला हाक मारीन.

पण नर्मदा तिथून पाच मिनिटांवर. प्रकाशला त्याचाच आनंद. "आई, रोज दर्शन." मी हो हो म्हटलं. त्याला काय सांगू की मला पाण्याची भीती वाटते, आणि पाण्यापेक्षा जास्त माझ्या पायांची.

इथे माधुरीने मान वर करून पाहिलं. लिही बाई, तू लिही. काय ते पुढे येते.

आत्याबाई, तुम्हाला आठवतं, मी लग्न होऊन जबलपूरला आले तेव्हा क्वार्टरच्या त्या ओळी पाहून रडले होते? वर्ध्याकडची पोरगी मी. आमच्या गावात प्रत्येक घर वेगळं. इथे चाळीस दारं, चाळीसही एकाच रंगाची, आणि वर पांढऱ्या रंगाने काहीतरी लिहिलेलं, जे मला कोळ्याच्या पायांसारखं दिसायचं. पहिल्याच आठवड्यात मी भरली बादली घेऊन एका बंगाली बाईच्या स्वयंपाकघरात गेले. तुम्ही हसला नाहीत. मला फाटकापाशी नेलं आणि सायकलच्या जुन्या रिमवर चढवलेला वालाचा वेल दाखवला. म्हणालात, "मी तरी कुठं वाचते? वेल दिसला की वळायचं. ज्या दिवशी दिसणार नाही, त्या दिवशी चालत राहायचं." अख्ख्या ओळीत तसा वेल आपल्याच दाराला होता. मी बरीच वर्षं त्याच्याच भरवशावर घरी आले.

तो वेल मी तोडला.

तुम्ही पुतण्याच्या लग्नाला गावी गेल्या होत्या, महिनाभर. मला तोवर ओळख झाली होती. फुटकी पायरी, नळाचा आवाज, सगळं पाठ. सिव्हिल लाइन्सचे बंगले पाहून आले होते मी, त्यांची ती मोकळी, रंगवलेली फाटकं. आपल्या फाटकावर जंगल काहून, असं वाटायला लागलं. तोडला, रिम भंगारवाल्याला दिली, फाटक धुऊन घेतलं. तुमच्या मुलाला खूप आवडलं. तुम्हाला विचारायचं माझ्या मनात आलं नाही. खरं सांगते, आलं होतं. तुम्ही नाही म्हणाल म्हणून थांबले नाही.

तुम्ही रिक्षातून उतरलात आणि फाटकासमोरून चालत निघून गेलात. परत आलात, पुन्हा गेलात. मी खिडकीतून पाहत होते आणि हसत होते. तुमची गंमत वाटली मला. तीन दारं सोडून तुम्ही एका घरात शिरलात, ओट्यावर बसलात आणि त्यांच्या सुपातले तांदूळ निवडायला लागलात.

त्यानंतर ते होतच राहिलं. ओळीतल्या बायका म्हणाल्या, म्हातारीचं डोकं फिरलं. तुमचा मुलगा म्हणाला, "आईचं वय झालं." मीही मान हलवली. वेलाचं कोणालाच आठवलं नाही. मला आठवत होतं, आत्याबाई. मी बोलले नाही.

मग मी बाहेरून कडी लावायला लागले. रेशनला जाताना, नळावर जाताना. कधी शेजारणीकडे गप्पा मारायलासुद्धा. परत येऊन कडी काढली की तुम्ही दाराला पाठ लावून बसलेल्या असायच्या. एकदाही दार वाजवलं नाही तुम्ही. काहून? माझ्याशी तर मिठावरून भांडायच्या. दारावर दोन थापा मारल्या असत्या तर काय झालं असतं?

माधुरीचा पेन थांबला आहे. थांबली ते पण लिही, म्हटलं.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसवलं, ते. गेल्या गुरुवारी मी चक्कीवरून दळण घेऊन निघाले. रोजचा रस्ता. डोळे बांधले तरी आले असते. वळणावर आले तर वळणच नव्हतं. तिथली चहाची टपरी पाडली, पत्रे लावून ठेवले आहेत, रस्ता रुंद करणार आहेत. मी उभी राहिले. डावीकडे की उजवीकडे? आत्याबाई, मला काहीच आठवेना. टपरी आठवत होती, तिच्यावरचा फाटका पडदा आठवत होता, पण घर कुठल्या बाजूला ते नाही. पिठाचा डबा खाली ठेवला.

भाजीवाला म्हणाला, "अम्मा, घर नहीं जाना?" मी म्हटलं, "धूप सेंक रही हूँ बेटा." ऊन असं होतं की कुत्रीसुद्धा सावलीला होती. मग आमच्या शेजारच्या तिवारीणबाई दिसल्या. त्यांच्या मागे मागे आले, बोलत बोलत, जसं काही झालंच नाही.

तेव्हापासून मी स्वतःला विचारते आहे. टपरी पाडली म्हणून चुकले, की माझ्या डोक्यातलंच काही पडलं? तुमचंही असंच झालं असेल का? पहिल्या दिवशी फक्त वेल नव्हता, आणि नंतर खरंच काही उरलं नाही? कधी कळलं तुम्हाला? की कळतच नाही, आणि मला ते पुढेही कळणार नाही?

माधुरी विचारते, "आई, हे गुरुवारी झालं आणि तुम्ही आज सांगता?"

मी म्हटलं, "तुला कुठं सांगितलं? सासूला सांगून राहिली मी."

ती हसली नाही. म्हणाली, "मग पाटण रोडचंच घेऊ. गेटवर गार्ड आहे."

पाहिलंत, आत्याबाई? पहिलाच शब्द गार्ड. तिची चूक नाही. मी तिच्या जागी होते तेव्हा माझ्या हाताला कडी लागली, हिच्या हाताला वर्दीवाला भैया. मी तिला म्हटलं, "त्या पांढऱ्या घरांत मी पहिल्याच दिवशी हरवीन, आणि तो भैया मला धरून रोज वेगळ्या दारात उभी करेल."

"आणि तिकडे नर्मदा आहे, आई."

"आहे. ती पण मला दिसते, आंधळी नाही झाले अजून. पण जोवर निळी खिडकी ओळखू येते तोवर मी आपल्या पायांनी घरी येईन. किती दिवस ते माहीत नाही. तेवढे तरी दे."

तिने पेन खाली ठेवला. मग म्हणाली, "दार लावायची वेळ आली तर मी आतून लावीन. बाहेरून नाही."

मी म्हटलं, "आणि ऑफिसला कोण जाईल, तुझा बाप?"

"ते तेव्हा पाहू," म्हणाली. तिलाही भीती वाटते आहे. हे लिहायला तयार नव्हती, मी लिहायला लावलं.

तुम्हाला असं कोणी म्हटलं नाही, आत्याबाई. मी म्हणायला हवं होतं.

प्रकाश सहाला ड्यूटीवरून येतो. तो अजून लोकांना सांगतो, "हमारी दादी आख़िर में पागल हो गई थीं." दरवेळी मी तिथे बसलेली असते आणि गप्प राहते. आज चहाचा कप त्याच्या हातात देण्याआधी त्याला सांगीन की वेल मी तोडला, का तोडला, आणि खिडकीत उभी राहून हसले तेही. गुरुवारचं सांगीन. डॉक्टरकडे नेईल तर जाईन, उगाच नाटकं करणार नाही. मग निळ्या खिडकीच्या घराचं सांगीन. सगळं ऐकून तो नाही म्हणाला तर म्हणो, पण अर्धं ऐकून हो म्हणायला मी त्याला लावणार नाही. हे तुम्हाला वचन. पाच वाजून गेलेत, म्हणते माधुरी. तो येईपर्यंत मी इथून उठणार नाही.

तुमची सून,
कमल
(अंगठा माझा, अक्षर माधुरीचं)